ठासून सांगतो

आमच्या घराण्यात हळू बोलणारा माणूस जन्माला आला नाही. बारशापासून बाराव्यापर्यंत जो तो आपलं म्हणणं ठासून सांगतो आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत पुन्हा ठासतो. या क्रियापदाचा मूळ अर्थ हातानं करून दाखवणारे मात्र एकटे आजोबाच. दापोलीजवळच्या आमच्या घरी पडवीतल्या खुंटीला त्यांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. परवाना पिकाच्या राखणीचा, शत्रू वानर आणि रानडुकरं. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. निकाल लागले की आजोबा तिला गोणपाटात गुंडाळून घरी आणत. मधल्या दिवसांत वानर परसात मांडी घालून पेरू खात. आचारसंहिता त्यांना आपल्याआधी कळते, असं आजी म्हणायची.

आजोबांच्या नेमाबद्दल घरात दुमत नव्हतं. उडत्या पाखराचा डावा डोळा सांगा, डावाच फोडतील, ही ख्याती ऐकत मी वाढलो. बंदुकीला हात लावायची मात्र आम्हा पोरांना बंदी होती. राहून गेलेल्या इच्छांचं अढीतल्या आंब्यासारखं असतं. आपण विसरतो, आणि एक दिवस वास यायला लागतो. माझ्या बाबतीत तो वास वयाच्या बावन्नाव्या वर्षी आला, आणि तोही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियामधल्या लँकेस्टर परगण्यात.

हा परगणा लोकांना ठाऊक असतो तो घोडागाडीतून फिरणाऱ्या आमिश शेतकऱ्यांमुळे. पण अठराव्या शतकात इथं बंदुका घडवणाऱ्या जर्मन वळणाच्या कारागिरांची वस्ती होती. लांबलचक नळीची, आतून पेचदार खाचा पाडलेली रायफल त्यांनी इथं घडवली आणि जगानं तिला नाव दिलं ‘केंटकी रायफल’. आंबा देवगडचा आणि पेटीवर रत्नागिरीचा शिक्का, तसला प्रकार. माझे शेजारी सत्तरीतले, शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर कुणी ‘केंटकी’ म्हटलं की ते चहाचा कप खाली ठेवतात आणि पुढचा अर्धा तास उचलत नाहीत.

नाताळ संपला, की २६ डिसेंबरला हे गृहस्थ हरणाच्या शिकारीला जातात. १९७४पासून या राज्यात त्यासाठी एक खास हंगाम आहे आणि त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. म्हणजे नळीत तोंडाकडून दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजानं ठासायची, बाहेरच्या चिमुकल्या थाळीत रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू टाकायची आणि चाप ओढायचा. घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या थाळीत पडतात, रंजक पेटते, तिची ज्योत नळीच्या भोकातून आत शिरते आणि मग बार होतो. झाला तर. यातलं प्रत्येक पाऊल चुकू शकतं, हे मला त्यांनी सांगितलं होतं. प्रत्येक पाऊल मी चुकवीन, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

मी आजोबांची गोष्ट सांगितली. ठासूनच सांगितली. ते म्हणाले, “मग रक्तातच असणार. या वर्षी चल माझ्याबरोबर. अट एकच. पन्नास यार्डांवर कागदी थाळी लावायची आणि पाच गोळ्या तिच्यात घालून दाखवायच्या. त्याशिवाय जनावरावर बंदूक रोखायची नाही.”

पन्नास यार्ड म्हणजे क्रिकेटच्या सव्वादोन खेळपट्ट्या. थाळी नऊ इंची, वाढदिवसाला केक देतो ती. मला हसू आलं. माझ्या आजोबांचा नातू, आणि केकची थाळी!

बंदूक आणली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशी तोंडाकडून भरायची काळ्या दारूची बंदूक ‘पुरातन वस्तू’त मोडते, हे मी बायकोला समजावून सांगितलं. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “दोघं एकाच कपाटात मावाल.” शिकाऱ्यांसाठी सक्तीचा असलेला सुरक्षेचा वर्ग मी अकरा-बारा वर्षांच्या पोरांशेजारी बसून पूर्ण केला. पोरं माझ्याआधी पेपर देऊन बाहेर पडली.

सप्टेंबरच्या एका शनिवारी गावाबाहेरच्या क्लबाच्या मैदानावर पहिल्या पाच गोळ्या झाडल्या. एक थाळीला लागली. एक थाळी ज्या लाकडी चौकटीवर होती तिच्या पायात घुसली. उरलेल्या तिघींचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मला बंदूक चालवता येत नाही. मी पस्तिशीपासून संगणकाच्या प्रणाल्या तपासतोय. मी म्हणालो, बंदुकीला तिचा खुराक अजून सापडलेला नाही.

यात तथ्य असतं, हे आधी सांगून टाकतो. कारखान्याच्या काडतुसात दारू, गोळी, सगळं ठरलेलं असतं. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार तुम्ही नव्यानं रांधता. दारू किती, जाड की बारीक, गोळीचा व्यास किती, कापडाची जाडी किती, वंगण कोणतं, दोन बारांमध्ये नळी पुसायची की नाही, हे सगळं तुमच्या हातात. आणि एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन बंदुकांची आवडही वेगळी असू शकते. जाणते लोक पन्नास ग्रेनपासून सुरुवात करतात, पाच-पाच ग्रेननं वाढवतात, प्रत्येक मापाला काही गोळ्या झाडून भोकं किती जवळ पडली ते मोजतात. भोकं जवळ येत जातात, एका मापानंतर पुन्हा पांगायला लागतात. ते मधलं माप हा त्या बंदुकीचा खुराक. मात्र बंदूक घडवणाऱ्यानं सांगितलेल्या कमाल मापाच्या वर जायचं नाही, याबाबतीत शेजारी सासूसारखे कडक.

ग्रेन म्हणजे काय, हे मला घरबसल्या उमगलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आपला तोळा म्हणजे १८० ग्रेन. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३३ साली रुपयाच्या वजनावर तो तसा बांधून दिला. तोळ्याच्या गुंजा शहाण्णव. म्हणजे सत्तर ग्रेन दारू ही साधारण सदतीस गुंजा. आणि माझी ४९० मापाची, म्हणजे ०.४९० इंच व्यासाची गोळी वजनाला सुमारे १७७ ग्रेन, जवळजवळ तोळाभर. आजीच्या पाटलीची गोष्ट निघाली की ‘तोळाभराचा प्रश्न आहे’ असं आमच्याकडे म्हणत. आता मी दर शनिवारी तीस-पस्तीस तोळे शिसं मातीच्या बांधात पेरून येत होतो.

मी वही घातली. रकाने आखले. याच काळात आईचा दापोलीहून फोन आला आणि तो लेकीनं उचलला. बाबा काय करतायत? “बाबा गॅरेजमध्ये बसून दारू मोजतायत.” पुढे चार दिवस मला नातेवाइकांचे समजुतीचे फोन येत होते. धाकट्या मामांनी तर एका आश्रमाचा पत्ताही पाठवला.

दारूचेही प्रकार. ‘दोन एफ’ म्हणजे जाडा रवा, ‘तीन एफ’ म्हणजे बारीक रवा आणि रंजकेसाठीची ‘चार एफ’ म्हणजे हाताला लागते-न-लागते अशी रांगोळी. मोजायला पितळेचं सरकतं माप असतं, बाहुलीच्या भातुकलीतल्या निठव्यासारखं. ते भरून वरून बोटानं सपाट करताना मला फार बरं वाटायचं. खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगात मला निर्विवाद जमलेली गोष्ट तेवढी एकच.

कापडाची हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी. गोळी नळीच्या भोकापेक्षा किंचित लहान असते आणि तिच्याभोवतीचं तेल-तूप लावलेलं कापड मधली फट भरून काढतं. खाचांचा पीळ गोळीला मिळतो तो या कापडामार्फत. कापड सुती हवं. तसं पुस्तकात छापलेलंही होतं. पण ट्रंकेत वडिलांचा जुना सदरा होता, मजबूत, न विरणारा, आणि मी म्हटलं वडिलांच्या सदऱ्यातून आजोबांची परंपरा पुढे न्यावी. भावना उदात्त, सदरा टेरिकॉटचा. पहिल्या बारातच त्यातला पॉलिएस्टर वितळून नळीच्या खाचांत डांबरासारखा चिकटला. दुसरी गोळी निम्म्यावर अडली. मैदानावर जो वास सुटला तो मला १९८५ साली इस्त्रीखाली माझी शाळेची पँट जळाली तेव्हाचाच वाटला. नळी साफ करायला दोन संध्याकाळी लागल्या.

मग कापडाच्या दुकानात गेलो आणि फळीवर पाहिलं तर निळ्या पट्ट्यांचा चक्क गादीपाट! आपल्याकडे पिंजारी दारात बसून ज्याच्या गाद्या शिवायचा तोच. इथली माणसं उशांसाठी आणि गोळ्यांसाठी हेच कापड वापरत आली आहेत. दीड वार घेतला. दुकानदारीणबाईंनी विचारलं, “उशा शिवताय?” मी छाती काढून म्हणालो, “नाही, बंदुकीसाठी.” त्यांनी सुटे पैसे जरा लांबूनच दिले.

वंगण काय लावायचं यावर शेजाऱ्यांच्या मंडळात पक्ष पडलेले. कुणाचं मेण आणि तेल, कुणाची अस्वलाची चरबी, आणि सगळ्यात जुना पक्ष थुंकीवाल्यांचा. कापड तोंडात चघळायचं आणि लावायचं. मी साजूक तूप काढलं. यामागे विचार होता. इथल्या लोण्यात बहुधा मीठ असतं आणि मीठ लोखंडाला खातं. घरच्या कढवलेल्या तुपात मीठ नाही, पाणी नाही. शिवाय बंदूक, चरबी आणि हिंदुस्थानी माणूस यांचा एकत्र इतिहास बरा नाही. १८५७ला एन्फील्डच्या काडतुसांना कसली चरबी लावलीय या शंकेवरून काय झालं ते शाळेत आपण सगळे शिकलो. पुढे शिपायांनी आपापलं वंगण लावावं अशी मुभा मिळाली, पण तोवर विश्वास उडालेला. मी ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगितली. त्यांनी बरणी उघडून वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, “हे बंदुकीत घालणं पाप आहे.” पुढच्या शनिवारपासून ते सोबत पाव आणायला लागले.

तूप खरोखर चाललं. आता तुम्हाला एक चिंधी दाखवतो. बार झाला की कापड गोळीपासून सुटतं आणि नळीच्या तोंडापासून दहा-बारा पावलांवर गवतात पडतं. जाणता माणूस आधी ते उचलतो, मग थाळीकडे जातो. माझ्या पहिल्या चिंध्यांच्या मधोमध रुपयाएवढं जळकं भोक होतं, कडेच्या दशा झालेल्या. म्हणजे कापड आतच फाटलं, गोळीला पीळ मिळालाच नाही. गादीपाट आणि तुपाच्या चिंधीत मात्र मध्ये गोळीचा करडा वर्तुळाकार ठसा, त्याभोवती खाचांचे काळे वळ सारख्या अंतरावर, सूर्यफुलासारखे, आणि कापड अखंड. धुऊन पुन्हा वापरावं इतकं. तिला जळकट तुपाचा आणि सडक्या अंड्याचा असा मिश्र वास येत होता, की जणू कुणीतरी गटारावर बेसनाचे लाडू वळतंय. ती चिंधी मी पाकिटात घालून घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्या रात्री मी एकटाच जेवलो.

चिंधी सांगत होती की सगळं उत्तम चाललंय. थाळी सांगत होती की नाही. पाचातल्या दोन आत, कधी तीन. मी माप बदललं. मापाबरोबर दारू बदलली. दारूबरोबर गारगोटी बदलली. आमच्या कचेरीत नवीन मुलं आली की मी त्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगतो: एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय बिघडलं ते जन्मात कळणार नाही. हे वाक्य माझ्या टेबलावर छापून लावलेलं आहे. ऑक्टोबरअखेर माझ्या वहीत सत्तावीस मिश्रणं होती आणि एकाही मिश्रणाबद्दल मला काहीही सांगता आलं नसतं.

काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक ऐवज घन रूपात मागे राहतो. काही धुरातून जातो, काही नळीत काजळी होऊन बसतो. म्हणून दर बारानंतर ओलसर फडकं गजाला लावून नळी पुसायची. पुसायची, दारू, कापड, गोळी, ठासायचं, रंजक. हा क्रम मला पाठ झाला होता. इतका पाठ, की नोव्हेंबरात एक गृहस्थ नातवाला घेऊन मैदानावर आले तेव्हा मी आपण होऊन शिकवायला घेतलं. पोरगा बारा वर्षांचा असेल. मी म्हणालो, “हे बघ, या कामात शिस्त महत्त्वाची. मन विचलित झालं की माणूस चुकतो.” बोलता बोलता नळी पुसली, तुपाचं कापड लावलं, गोळी ठेवली, सपकन ठासली. “गोळी तळाला टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका,” हेही सांगितलं. रंजक टाकली. नेम धरला. चाप.

फुस्स. थाळीत धूर, पुढे काही नाही.

“अशा वेळी,” मी नळी समोरच रोखून ठेवत म्हणालो, “निदान एक मिनिट थांबायचं. आत दारू धुमसत असू शकते.” थांबलो. पुन्हा रंजक. फुस्स. पुन्हा मिनिट. नळीच्या भोकात तार घातली, रंजक बदलली, गारगोटी पुसली. फुस्स. तिसऱ्या मिनिटाला तो पोरगा अगदी अदबीनं म्हणाला, “सर, तुम्ही आत दारू घातली होती का?”

मैदानावर तेव्हा सात माणसं होती. सातही जण आपापल्या बंदुकीकडे एकाग्रपणे बघायला लागले.

दारू घातली नव्हती. आता तळाशी तोळाभर शिसं तुपातल्या गादीपाटात गुंडाळून आरामात झोपलेलं आणि त्याला उठवायला मागे काही नाही. अशा वेळी गजाच्या टोकाला स्क्रू लावतात, तो गोळीत फिरवून बसवतात आणि ओढतात. मी बंदूक धरली, पोराच्या आजोबांनी गज धरला. एक, दोन, तीन. रस्सीखेचीत दोर तुटल्यावर जसे लोक पडतात तसे आम्ही पडलो. गज हातात आला, पण एकटा. त्याचं पितळी टोपण, टोपणाला लागलेला स्क्रू आणि स्क्रूत अडकलेली गोळी, हा सगळा संसार आतच राहिला. शेवटी शेजारी आले. त्यांच्याकडे सोडा मेकरमध्ये असते तशी गॅसची चिमुकली नळकांडी लावायचं यंत्र होतं. ते नळीच्या भोकाशी टेकवलं, कळ दाबली. अजीर्ण झालेल्या माणसासारखा एक आवाज आला आणि गोळी, स्क्रू, टोपण चार पावलांवर चिखलात पडलं. पोरानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवसातला तो माझा सर्वांत अचूक बार. नेमका खाली गेला.

घरी येऊन मी गावी काकांना फोन लावला. वडिलांचे धाकटे भाऊ, वय ऐंशी, आजोबांच्या हाताखाली दारू-गोळी त्यांनीच सांभाळलेली. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “कान साफ आहे ना?”

“येतंय की ऐकू. तुम्हीच जरा मोठ्यानं बोला.”

“तुझा नव्हे रे मेल्या, बंदुकीचा!”

बंदुकीच्या त्या भोकाला कान म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. अजून एक गोष्ट विचारायची होती. आजोबांचा खुराक कोणता होता? किती दारू, कसलं कापड? काका घुटमळले. “बघू. आठवून सांगतो,” म्हणाले.

मग घरात एक चलचित्राचा प्रसंग घडला. लेकीला सुट्टी होती. एका शनिवारी मैदानावर आली आणि फोनवर तिनं माझा एक बार मंदगतीत टिपला, का तर धूर ‘भारी दिसतो’. रात्री आम्ही तो टीव्हीवर लावला. मी सोफ्यावर ऐटीत बसलो. पडद्यावर मी. गाल दस्त्याला टेकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीवर. मुद्रा अगदी पेशवाईतल्या बरकंदाजाची. बोट चापाकडे सरकलं. घोडा सुटला. गारगोटी पोलादापर्यंत पोहोचायच्या आधी, नीट ऐका, आधी, माझा उघडा डोळाही मिटला. मान डावीकडे वळली. तोंडाचा चंबू झाला, कडू काढा पिताना होतो तसा. नळीचं टोक पसाभर खाली गेलं. मग कुठे ठिणग्या पडल्या, रंजक भडकली आणि मागाहून बार झाला. तेव्हा मी थाळीकडे नव्हे, शेजारच्या मैदानाच्या पाटीकडे तोंड करून होतो.

कुणीच काही बोललं नाही. मग बायको म्हणाली, “परत लाव.”

चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार होईपर्यंत क्षणाचा काही भाग जातो आणि तेवढा वेळ नेम स्थिर ठेवावा लागतो. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर रंजक भडकत असताना. बंदुकीचा खुराक शोधण्यात मी तीन महिने, सत्तावीस मिश्रणं आणि दोन बरण्या तूप घातलं होतं. वहीत गोळीचा रकाना होता, कापडाचा होता, हवेतल्या दमटपणाचाही होता. माझ्यासाठी एकही नव्हता. ते चलचित्र लेकीनं घरच्या गटावर टाकलं. मी शिंकतोय असं आत्याला वाटलं. तिनं ‘शतायुषी भव’ लिहिलं.

उपाय शेजाऱ्यांनी सांगितला. गारगोटीच्या जागी लाकडाचा तुकडा बसवायचा, बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची आणि रोज रात्री भिंतीवर नेम धरून चाप ओढायचा. डोळे मिटायचे नाहीत. तळघरातल्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ होतं. मी संकष्टीच्या चौकोनावर नेम धरून रोज पन्नास वेळा चाप ओढायला लागलो. बायको वरून ओरडायची, “चंद्रोदय अजून व्हायचाय!”

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी परीक्षा झाली. मिश्रण अगदी साधं, शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी सुचवलेलं आणि मी पहिल्याच दिवशी बाद केलेलं: सत्तर ग्रेन तीन एफ, ४९० गोळी, गादीपाट. तूप तेवढं माझं. चार गोळ्या थाळीत. पाचवी बरोब्बर काठावर, कागद अर्धा फाटलेला. आत धरायची की बाहेर? शेजारी चष्मा पुसून पाच मिनिटं वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, “थाळीला लागली ना? थाळीनं तक्रार केलेली नाही.”

२६ डिसेंबर. पहाटे साडेचारला उठून बर्फातून गेलो. एका ओंडक्यामागे बसलो. बंदुकीच्या थाळीवर, ओल लागू नये म्हणून, देशी वाणसामानाच्या दुकानाची पिशवी बांधलेली, वर ‘इंद्रायणी तांदूळ’ छापलेलं. नऊच्या सुमारास एक हरणी आली. चाळीस पावलांवर थांबली. मी पिशवी काढली. माशी खांद्यामागे टेकवली. दोन्ही डोळे, शपथेवर सांगतो, टक्क उघडे. हात स्थिर. चाप.

फुस्स.

बर्फाच्या भुरभुरीनं रंजक ओली झाली होती. थाळीतून धुराचा एक झुबका निघाला आणि तांदळाच्या पिशवीवरून वर गेला. हरणीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग तिनं पायाखालचा बर्फ नाकानं बाजूला सारला आणि खाली काय होतं ते सावकाश खाऊन ती चालती झाली. शेजारी शंभर पावलांवरून बघत होते. ते काही बोलले नाहीत, पण त्यांची टोपी बराच वेळ हलत होती.

रात्री काकांचा आपणहून फोन आला. मी सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, “आता तुला सांगायला हरकत नाही. तू खुराक विचारलास ना? तुझे आजोबा गोळी घालतच नसत. दारू घालायची, वर नारळाची शेंडी ठासायची आणि वानरांच्या दिशेनं बार काढायचा. डोळे मिटून. आवाजानं वानर पळत. तेवढंच काम होतं.”

“आणि तो पाखराचा डावा डोळा?”

“आम्ही ठासून सांगत असू,” काका म्हणाले. “पण एक आहे हो. त्यांच्या बंदुकीचा निदान आवाज यायचा.”

हंगाम जानेवारीच्या मध्यात संपला. बंदूक मी गरम पाणी आणि साबणानं धुतली. बाथटबमध्ये धुतली, हे बायकोला या लेखातूनच कळेल. त्र्याऐंशी गोळ्या, पाऊण वार गादीपाट आणि टेरिकॉटच्या सदऱ्याची एक बाही शिल्लक आहे. लँकेस्टरच्या आसपास कुणा मराठी माणसाला हवं असेल तर येऊन घेऊन जावं, पैसे नकोत. फक्त शनिवारी येऊ नका. शनिवारी मी मैदानावर असतो.